अर्धी भेट

काल तुम्ही कुणाकुणाला भेटलात?
प्रश्न एवढाच. बाकी सगळ्या तळटीपा:
समोरासमोर हवं. निदान तीन शब्द बोललेले,
किंवा अंगाला अंग लागलेलं.
फोन धरायचा नाही.

तोंडोच्या गल्लीत आलिंग सिओनी, सगळ्यांची मावशी,
फळीवर सुके मासे उलथत होती.
म्हणाली, लिही.
नळावरच्या सातजणी.
पाद्री नको, तो हल्ली लांबूनच आशीर्वाद देतो.
गिऱ्हाइकं? ती कोण मोजतं?
अंदाजे, म्हटलं.
तिनं मासळीसारखी माणसं मोजली,
सकाळी एक मूठ, दुपारी दोन.
मी लिहिलं, चाळीस.

जीपनीत ती मागे बसते, दाराशी.
भाड्याचं नाणं शेजारच्या तळहातावर ठेवते,
तो त्याच्या शेजारणीच्या,
असं पाचाहाती फिरत ड्रायव्हरपर्यंत जातं
आणि सुटे पैसे त्याच वाटेनं कोमट होऊन परत येतात.
“बायाद पो.” शब्द दोनच.
आमच्या व्याख्येत ही भेट बसत नाही.
हाताला हात लागला का?
नाणं लागलं, म्हणाली, आणि हसली.
मी रकान्यात रेघ मारली.

मग जरा थांबून: रोडेल. माझा मुलगा.
पहाटे पाचला येतो, रात्रपाळी करून,
परदेशातल्या लोकांचा बिलांवरचा राग कानात भरून.
माझा हात घेतो, कपाळाला लावतो.
मी म्हणते, जेवण झाकून ठेवलंय.
मोज, झाले ना तीन?

रोडेलचा कागद आठवड्यानं आला.
सुपरवायझर. लिफ्टमधले चौघे.
सिगरेटवाला. एक मुलगी, नाव लिहून खोडलेलं.
आई नाही.

गणिताला हे चालत नाही.
ती त्याला भेटली तर तो तिला भेटलाच पाहिजे,
टाळी एका हातानं वाजत नाही.
म्हणून साठीच्या बायांचे आणि पंचविशीतल्या पोरांचे
आकडे एकत्र करून आम्ही दोनानं भागतो.
तिचा एक, याचं शून्य.
अर्धी भेट.
याला आमच्यात दुरुस्ती म्हणतात.

रात्री मी शहर सुरू केलं.
एक कोटी तीस लाख ठिपके, सगळे राखाडी.
किआपोकडचा एक आजारी केला.
कुठला ते संगणकानं ठरवलं,
असं मी दर वेळी स्वतःला सांगते.
अकराव्या दिवशी नदीकाठ लाल.
विसाव्या दिवशी मी चहा करून आले, तोवर मंडईही.
ठिपक्यांना नावं नसतात. तरी एक मी ओळखते:
वय एकसष्ट, धंदा मासळी, घरात दोघं.
शेवटपर्यंत राखाडी राहिला.

मग कुणाला न विचारता
मी त्या घरातल्या अर्ध्याचा एक केला.
पुन्हा सुरू.
आलेख तसूभर हलला नाही,
शिखर त्याच दिवशी, तेवढंच उंच.
फक्त चौतिसाव्या दिवशी तो ठिपका लाल झाला,
एक दिवस आधी लाल झालेल्या
घरातल्याच दुसऱ्या ठिपक्यामुळे.

पूर्ण भेट द्यायची तर हेही द्यावं लागतं.
मी पुन्हा अर्धं लिहिलं.
इसागानीनं सकाळी विचारलं, ही फाइल रात्री दोनला का बदललीय?
चूक होती, म्हटलं.
कुठली, ते त्यानं विचारलं नाही.

दुसऱ्या फेरीला गेले तेव्हा
सिओनीनं आधी मलाच विचारलं,
माझे चाळीस लागले का कामाला?
लागले, म्हटलं. रोडेल आत घोरत होता.
तिनं कागदात मासे गुंडाळून दिले, पैसे घेतले नाहीत.

जीपनीत मी मागेच बसले, दाराशी.
नाणं पुढे केलं. कुणाची तरी बोटं लागली,
ओली, बहुधा बर्फ उचलणाऱ्याची.
मासळीचा वास सगळ्यांना येत होता,
कुणी काही बोललं नाही.
त्या दिवशीच्या माझ्या कागदावर
मी काय लिहावं?